वाकळ

वाकळ हा शब्द ऐकायला ओबडधोबड, पण कूळ थेट ऋषींच्या आश्रमातलं. संस्कृतात वल्क म्हणजे झाडाची साल, वल्कल म्हणजे सालीचं वस्त्र. प्राकृतात त्याचं वक्कल झालं. मराठीत जोडाक्षर सुटलं, आधीचा स्वर लांबला, ‘ल’चा ‘ळ’ झाला, की आली वाकळ. साल गेली, जुनेर आलं, नाव टिकलं. वाकळीलाच गोधडीही म्हणतात, पण त्या शब्दाची भावंडं वेगळी: हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी. ‘गो’ दिसला की गाय शोधणाऱ्यांनी इथे जरा दमानं घ्यावं.

वाकळ एकटीनं शिवायची वस्तूच नव्हे. पावसाच्या आत, दुपारची भांडी आवरली की ओसरीवर जुनं नऊवारी लुगडं अंथरायचं. मध्ये विटकी धोतरं, फाटके सदरे. वर दुसरं लुगडं. चौघी चार कोपरे ताणतात, कारण राहिलेली चुणी पुढे कायमची पाठीला टोचते. मग मोठे टाके घालून थर टाचायचे, नि कडेपासून आत बारीक धावदोरा. हात गुंतले की तोंडं सुटतात. कुणाची सून, कुणाचं देणं, सगळं तिथेच उसवायचं. टाका लांब पडला की एखादी आत्याबाई विचारणार, ‘‘मुंबईला निघालीस का गं?’’ दोरा उपटावाच लागतो. आज तिची वाकळ, उद्या हिची; मजुरी म्हणजे कपभर चहा.

हल्ली शहरात गोधड्या ऑर्डरनं शिवून मिळतात, आणि छान असतात. पाटीवर ‘वाकळ’ लिहायला मात्र दुकानदार धजत नाहीत.