साथीच्या काळांतील बेनामी पत्रें

इ. स. २०२०-२१ च्या महामारींत ठाणें व कल्याण-डोंबिवली येथील विद्यार्थ्यांनीं आरोग्याची माहिती कोठून मिळविली, ह्याचीं अस्सल साधनें आज उपलब्ध आहेत; पण तीं फार काळ टिकतील असें दिसत नाहीं. म्हणून हें टिपण.

२५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. शाळा मिटल्या; कल्याणचें १८६४ सालचें सार्वजनिक वाचनालय व ठाण्याचें १८९३ सालचें मराठी ग्रंथसंग्रहालय ह्यांचीं दारेंही लागलीं. विद्यार्थ्याच्या हातीं मोबाइल उरला. वर्ग त्यावर, परीक्षा त्यावर, आणि घरांत कोणास ताप आला तर पहिली विचारणा त्यावरच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अशा संदेशांची एक जुडी आम्हीं विद्यार्थ्यांकडून मिळवून ठेविली आहे.

तींतील एप्रिल २०२१ चा एक संदेश देशभर फिरलेला आहे. कापूर, लवंग व ओवा ह्यांच्या पुरचुंडीवर निलगिरीचे थेंब टाकून ती दिवसभर हुंगावी, म्हणजे शरीरांतील प्राणवायु वाढतो. लडाखच्या प्रवाशांसही ती देतात, असा मजकूर. आमच्याजवळील तिन्ही प्रतींत पाठभेद आहेत. एकींत कापूर ‘भीमसेनी’ झाला आहे, दुसरींत लडाख गळालें आहे. आयुर्वेदाचा हवाला आहे, पण ग्रंथ नाहीं, स्थान नाहीं, अध्याय नाहीं. ह्या उपायानें प्राणवायु वाढल्याचा पुरावा नाहीं. कापूर पोटांत गेल्यास तर विषच. शेवटीं ‘जसें आलें तसें पुढें पाठवीत आहें’ ही ओळ. ती वाचून आम्हांस हसूं आलें. पोथीच्या अंतीं लेखकही, पाहिलें तसें लिहिलें, दोष मजकडे नाहीं, असें म्हणून मोकळा होतो! मात्र तो बहुधा शक, तिथि व गांव घालतो. येथें तेंही नाहीं. वारंवार फिरलेल्या संदेशावर दोन बाणांची खूण येते. ७ एप्रिल २०२० पासून तसा संदेश एका वेळीं एकाच ठिकाणीं पाठवितां येऊं लागला. परंतु बाण प्रतींची बहुलता सांगतात, मूळ कोणाचें तें नव्हे.

मुंबईच्या प्लेगांतही रुग्णालयांविषयीं भयंकर वार्ता उठल्या, आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्या वार्ता आपणांस बहुतांशीं सरकारी अहवालांच्या तोंडूनच ऐकाव्या लागतात. ह्या खेपेस वार्तेचा शब्द मूळ रूपांत लिहिलेला आहे, हा मोठाच लाभ.

ह्याच जुडींत निराळ्या जातीचा एक कागद आहे. दुसऱ्या लाटेंत रुग्णालयांतील खाटा, प्राणवायु व रेमडेसिविर ह्यांच्या याद्या तरुण मंडळी देशभर करीत होती. डोंबिवलीच्या एका यादींत प्रत्येक क्रमांकापुढें ‘तपासलें, दुपारीं ४’ असें आहे. तीनांपुढें त्याच हातानें मागाहून ‘संपलें’ म्हणून घातलें आहे. कर्त्याचें नांव नाहीं, पण काळ आहे, आणि स्वतःचें विधान खोडण्याची तयारीही. आमच्या मतें प्रामाण्याच्या दृष्टीनें हा कागद पुष्कळ बखरींहून वरचा ठरेल.

फोन बदलला कीं अशी जुडी नाहींशी होते. संग्राहकांनीं असे संदेश कागदावर उतरवून त्यांवर मिळाल्याची तारीख, वेळ, गांव व बाणांची संख्या नोंदवावी. खासगी नांवें व क्रमांक झांकावे. आणि मूळांतील अशुद्धें सुधारूं नयेत.