भासाची नाटके कोणाची?

कालिदासाने ‘मालविकाग्निमित्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा नाटकाच्या प्रस्तावनेतच एक प्रश्न त्याने पारिपार्श्वकाच्या तोंडी घातला. भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारख्या कीर्तिवंतांच्या कृती असताना एका नव्या कवीच्या नाटकाला प्रेक्षक मान का देतील, असा तो प्रश्न. सूत्रधाराचे उत्तर प्रसिद्धच आहे. जुने म्हणून सारेच चांगले नसते आणि नवे म्हणून काही टाकाऊ ठरत नाही. सुज्ञ माणूस पारखून घेतो.

ज्याच्या कीर्तीची कालिदासाला अशी दखल घ्यावी लागली, तो भास पुढे केवळ नावापुरता उरला. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त त्याच्या नाटकांची प्रशंसा केली. आठव्या शतकात वाक्पतिराजाने त्याला अग्नीचा मित्र म्हटले. राजशेखराच्या नावावर असलेल्या एका श्लोकात अशी कल्पना आहे की, रसिकांनी भासाची नाटके परीक्षेसाठी अग्नीत टाकली आणि ‘स्वप्नवासवदत्त’ तेवढे जळले नाही. इतके गौरवोद्गार मागे राहिले. पण ज्या नाटकांसाठी ते काढले गेले, ती नाटके मात्र विद्वानांच्या दृष्टीआड झाली. काव्यसंग्रहांत भासाच्या नावावर विखुरलेले काही श्लोक, एवढीच त्याची मालमत्ता शिल्लक होती.

अशा स्थितीत १९०९ च्या सुमारास त्रावणकोर संस्थानात पद्मनाभपुरमजवळच्या एका मठात ताडपत्रांची एक पोथी हाती आली. लिपी मलयाळम, भाषा संस्कृत आणि प्राकृत. त्रिवेंद्रमचे पंडित टी. गणपतिशास्त्री यांनी ती तपासली, तेव्हा तीत नाटकांमागून नाटके निघाली. पुढे आणखी दोन मिळाली आणि एकूण संख्या तेरा झाली. १९१२ पासून त्रिवेंद्रम संस्कृत ग्रंथमालेत ती क्रमाने प्रसिद्ध होऊ लागली. ‘स्वप्नवासवदत्त’, ‘प्रतिज्ञायौगंधरायण’, ‘चारुदत्त’, ‘अविमारक’, ‘प्रतिमा’, ‘अभिषेक’, ‘बालचरित’, ‘पंचरात्र’, ‘मध्यमव्यायोग’, ‘दूतवाक्य’, ‘दूतघटोत्कच’, ‘कर्णभार’ आणि ‘ऊरुभंग’ ही ती तेरा नाटके. हरवलेला महाकवी परत आला, असा आनंद सर्वत्र झाला आणि तो स्वाभाविकच होता.

परंतु एक अडचण पहिल्या दिवसापासून होती. या तेरांपैकी एकाही नाटकात कर्त्याचे नाव नाही. संस्कृत नाटकांत सूत्रधार सामान्यतः कवीचे नाव सांगतो. येथे तो गप्प आहे. मग ही नाटके भासाची, हे गणपतिशास्त्र्यांनी ठरविले कशावरून? त्यांची विचारसरणी सरळ होती. भासाची नाटके सूत्रधाराने आरंभिलेली असतात, असे बाण म्हणतो. ही नाटकेही नांदीनंतर सूत्रधाराच्या प्रवेशाने सुरू होतात. ‘स्वप्नवासवदत्त’ भासाचे, असे परंपरा सांगते. ते नाटक या संचात आहे. आणि तेराही नाटकांची ठेवण एकसारखी आहे. प्रस्तावनेला सर्वसाधारणपणे ‘स्थापना’ म्हटलेले, शेवटच्या भरतवाक्यात बहुधा कोणा राजसिंहाचा उल्लेख, तीच वाक्ये एकाहून अधिक नाटकांत आलेली. तेव्हा एक भासाचे तर सारीच भासाची, हा त्यांचा निष्कर्ष.

कीथसारख्या पंडिताने हा निष्कर्ष मान्य केला. पण लंडनच्या बार्नेट यांनी तो नाकारून ही नाटके सातव्या शतकातील कोणा दाक्षिणात्य कवीची असावीत, असे मत मांडले. केरळातील पिशारोटी बंधूंनी निराळाच मुद्दा पुढे आणला. सूत्रधाराने आरंभ करणे आणि ‘स्थापना’ हा शब्द वापरणे ही भासाची खूण नसून दक्षिणेतील हस्तलिखितांची रीत आहे. पल्लव राजा महेंद्रवर्म्याचे ‘मत्तविलास’ प्रहसन किंवा शक्तिभद्राचे ‘आश्चर्यचूडामणि’ पाहिले की याची खात्री पटते. ज्या खुणेवरून चोर ओळखावयाचा, ती साऱ्या गावाच्या अंगावर असेल, तर ती खूण कसली?

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. जुन्या शास्त्रकारांनी ‘स्वप्नवासवदत्ता’तील म्हणून दिलेले काही श्लोक छापील नाटकात आढळत नाहीत. अभिनवगुप्ताने दिलेले एक उदाहरण असे आहे. ‘नाट्यदर्पणा’त तर भासाचे नाव घेऊन एक श्लोक दिला आहे, तोही नाही. मात्र त्यातला प्रसंग, शेफालिकेजवळच्या शिलातलाकडे पाहणारा वत्सराज, आजच्या नाटकात सहज बसणारा आहे. म्हणजे नाटक तेच, पण संहिता तंतोतंत ती नव्हे! उलट बाजूस, आठव्या शतकातील वामनाने उदाहरणादाखल घेतलेले काही श्लोक व पंक्ती या नाटकांत सापडतात. त्याने कवीचे नाव दिलेले नाही, तथापि या संहितेतील काही भाग तरी तितका जुना आहे, हे त्यावरून मान्य करावे लागते.

या वादात महाराष्ट्रातील संशोधकांनी घातलेली भर मोलाची आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक म्हणून पुढे कीर्ती पावलेले डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी ‘चारुदत्त’ आणि शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ यांची तुलना केली. देवलांच्या संगीत नाटकामुळे ‘मृच्छकटिक’ मराठी माणसाला घरचेच वाटते. त्याच कथेच्या पूर्वार्धावरचे ‘चारुदत्त’ चार अंकांत अर्धवट तुटल्यासारखे संपते. सुकथनकरांनी रचनातंत्र, प्राकृत भाषा, वृत्तरचना आणि नाट्यप्रसंग अशा चार कसोट्या लावल्या आणि ‘चारुदत्ता’चा पाठ एकंदरीत अधिक जुना आहे, असे दाखविले. विशेष हे की, पाठ जुना ठरला म्हणून कर्ता भासच, अशी उडी त्यांनी मारली नाही. डॉ. अ. द. पुसाळकर यांनी १९४० च्या आपल्या ग्रंथात भासाची बाजू समर्थपणे मांडली. उलट प्रा. चिं. रा. देवधर यांनी पुण्याहून १९३७ साली तेरा नाटके एकत्र छापली, तेव्हा इंग्रजी उपशीर्षकात ती ‘भासाच्या नावावर असलेली’ नाटके म्हणून नोंदली. एका शब्दाचा हा सावधपणा. पण विद्येची इभ्रत अशाच शब्दांवर टिकते.

एकमत आजही झालेले नाही. ‘स्वप्नवासवदत्त’ आणि त्याच कथेचा पूर्वभाग सांगणारे ‘प्रतिज्ञायौगंधरायण’ ही दोन्ही मुळात भासाची असावीत, असे मानणारे अनेक आहेत. उरलेल्या अकरांबद्दल मतभेद फार. काही अभ्यासक सारा संच पल्लवकाळाकडे ओढतात.

या वादातून एक गोष्ट मात्र निर्विवाद पुढे आली. ही नाटके केवळ पोथीत निजलेली नव्हती. केरळच्या मंदिरांतील नाट्यगृहांत चाक्यार नटांचे कूटियाट्टम शतकानुशतके चालत आले आहे आणि त्यात यांपैकी काही नाटकांचे अंक सादर होत आले आहेत. नटाच्या हाती गेलेली संहिता जशीच्या तशी राहत नाही. प्रयोगाच्या सोयीने श्लोक गळतात, प्रस्तावना आखडते, नित्याची वाक्ये एका नाटकातून दुसऱ्यात जातात. तेरा नाटकांचे परस्परसाम्य एका कवीमुळे आले की एका रंगपरंपरेमुळे, हा प्रश्न येथे उभा राहतो. शास्त्रकारांनी दिलेला श्लोक छापील नाटकात का नाही, याचेही एक समंजस उत्तर येथेच मिळते. ज्या हातांनी कदाचित काटछाट केली, त्याच हातांनी ही नाटके जगविली. त्या हातांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाहीत.

शाळा-महाविद्यालयांतील पुस्तकांवर ‘भासविरचित’ असे निःशंक छापले जाते. विद्यार्थ्याला एक नाव पाठ होते. पण त्या नावामागचा पुरावा, त्यातली भोके आणि विद्वानांनी राखलेला संयम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वस्तुतः शिकविण्यासारखे तेच आहे. सिद्ध काय, संभाव्य काय आणि आपल्याला केवळ प्रिय काय, यांतला भेद ओळखणे ही इतिहासाची पहिली इयत्ता होय. भासावरील प्रेमापोटी तेराही नाटके त्याच्या पदरी घालणे हा त्याचा गौरव नव्हे. तसेच, नाव सिद्ध होत नाही म्हणून ‘ऊरुभंगा’तील मरणोन्मुख दुर्योधनाचे दुःख तसूभरही उणे होत नाही. कावालम नारायण पणिक्कर यांनी ‘मध्यमव्यायोग’, ‘कर्णभार’ यांसारखी नाटके विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा रंगभूमीवर उभी केली, तेव्हा प्रेक्षकांना भिडला तो भीम आणि भिडला तो कर्ण. कर्त्याच्या नावाचा दाखला कोणी मागितला नाही.

कालिदासाच्या सूत्रधाराचा निवाडा भासालाही लागू पडतो. नाव मोठे म्हणून नाटक मोठे ठरत नाही, आणि नाव नाही म्हणून ते लहानही होत नाही. पारखून घ्यावयाचे ते नाटक. आणि नावाबद्दल पुरावा सांगेल तेवढेच बोलावयाचे.