बांबू : झाड, गवत आणि वाचन

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. भात, ज्वारी आणि ऊस यांच्याच कुळातले. बांबूचा कोंब जितका जाड वर येतो तितकाच राहतो, सागाच्या बुंध्यासारखा वर्षानुवर्षे जाड होत नाही. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्यातील व्याख्येनुसार ‘झाड’ या शब्दात बांबूचाही समावेश होता, आणि तोडलेले झाड म्हणजे ‘इमारती लाकूड’. दोन्ही व्याख्या लागोपाठ वाचल्या की तोडलेला बांबू लाकूड ठरे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. येथला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा कच्चा माल होता. त्याच्यावर हक्क कोणाचा, हे या व्याख्यांवर ठरत असे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ‘गौण वनोपज’ या शब्दाची व्याख्या केली. तीत बांबूचे नाव स्पष्ट आहे, आणि अशा वनोपजाची मालकी जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना दिली आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हा कायदा बारकाईने वाचला. एकत्र बसून विषय समजून घ्यायचा आणि मग सर्वांच्या सहमतीने निर्णय करायचा, ही तेथील अभ्यासगटांची जुनी रीत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना, कारण वनखात्याच्या मते बांबू हे लाकूडच होते. ग्रामसभा नव्या कायद्यातील व्याख्येवर ठाम राहिली. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने जुन्या कायद्यातील ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला.

पाचवी ते सातवीच्या वर्गात हीच रीत वापरता येते. उताऱ्याखालील प्रश्नाचे उत्तर मुले बहुधा सारखे शब्द शोधून लिहितात. अर्थापर्यंत जातातच असे नाही. त्याऐवजी दोन्ही व्याख्या सोप्या मराठीत फळ्यावर लिहाव्यात. पहिल्या वाचनात अडलेले शब्द सांगू द्यावेत. दुसऱ्या वाचनात विचारावे : ‘यात’ म्हणजे कशात? तिसऱ्या वाचनात : पहिल्या व्याख्येने बांबू कोणाचा होतो, दुसरीने कोणाचा? प्रत्येक उत्तराला ‘कोणत्या शब्दावरून?’ असे विचारावे आणि मुलाने त्या शब्दावर बोट ठेवावे. मग विज्ञानातील व्याख्या तिसरी म्हणून मांडावी. व्याख्या कोणी, कशासाठी केली, हा प्रश्न मुले तेव्हा आपणहून विचारू लागतील.