वेंगुर्ल्याची वाकळ : एक उपेक्षित साधन

जुन्या कागदांच्या संग्राहकांस रुमाल म्हणजे काय हें सांगणें नको. पेशवे दप्तर असो कीं एखाद्या देशपांड्याच्या माळ्यावरील गाठोडें असो, कागदांची मोजदाद आपण रुमालांनीं करतों; म्हणजे मोजतांना नांव कापडाचें घेतों. परंतु रुमाल सुटला, कागद बाहेर आले, त्यांची यादी झाली, कीं त्या कापडाकडे पुन्हा कोणी पाहत नाहीं. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद इ. स. १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत प्रसिद्ध केले. त्यांत मजकुरास स्थान आहे. कापडास असण्याचें कारणच नव्हतें. प्रस्तुत लेखाचा विषय या रुमालाच्या घरगुती बहिणीचा, म्हणजे वाकळेचा आहे. वाकळ ही नुसती जुन्या चिंध्यांची रास नसून, योग्य रीतीनें पाहिल्यास कुटुंबाच्या इतिहासाचें एक साधन आहे, व तें ज्यांच्या स्मरणाच्या आधारें वाचावयाचें तें स्मरण नष्ट होत चाललें आहे, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

त्यासाठीं वेंगुर्ल्याचें उदाहरण विशेष उपयोगी पडतें. डचांनीं येथें इ. स. १६३७ च्या सुमारास वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवणें व आपल्या गलबतांस शिधासामुग्री पुरविणें हे तिचे मुख्य उपयोग होते. वखारीच्या इमारतीचे पडके अवशेष वेंगुर्ल्यांत आहेत. वखारीचीं पत्रें मात्र हॉलंडांत हेग येथील सरकारी दप्तरखान्यांत राहिलीं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनीं शिवचरित्र लिहितांना डच कागदांचा उपयोग केला, हें वाचकांस ठाऊक आहेच. आतां या पत्रांचा कागद कशाचा होता तें पाहावें. सतराव्या शतकांतील युरोपी कागद मुख्यतः जवसाच्या धाग्याच्या जुन्या कापडाचा, म्हणजे घरोघरच्या चिंध्या गोळा करून, त्या कुजवून व कुटून केलेल्या लगद्याचा असे. तेव्हां तिकडील घरांतल्या चिंध्यांवर लिहिलेला वेंगुर्ल्याचा वृत्तांत साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ टिकला. त्याच काळांतील वेंगुर्ल्याच्या घरांतल्या चिंध्यांचें मात्र आज कांहींच हातीं नाहीं. आपल्याकडेहि जुन्नर व दौलताबाद येथें जुने दोर, गोणपाट, रद्दी यांपासून कागद होत असे. टाकाऊ धाग्यास दोन गति होत्या : एक कागदाची, दुसरी अंथरुणाची. पहिलीचा अभ्यास झाला, दुसरीचा राहिला.

वाकळ हा शब्द कोकण व गोवा या दोन्ही ठिकाणीं चालतो. गोधडी हा त्याचा देशावर अधिक रूढ असलेला जोडीदार. दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या कोशांत आहेत. संस्कृतांत यांस कंथा म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत कंथा ही विरक्ताची खूण म्हणून येते, व नाथपंथी जोग्याच्या वेषांतहि तिला स्थान आहे. त्याहून जुना दाखला विनयपिटकाच्या महावग्गांत सांपडतो. मगधांतील बांधांनीं विभागलेलीं भातशेतें पाहून बुद्धानें आनंदास त्याच आकृतीचें तुकड्यांचें चीवर बेतावयास सांगितलें, अशी कथा तेथें आहे. म्हणजे तुकडे जोडण्याची कला आपल्या देशांत निदान दोन हजार वर्षें तरी लेखनिविष्ट आहे. फरक इतकाच कीं, भिक्षूच्या व जोग्याच्या कंथेस ग्रंथांत जागा मिळाली, गृहिणीच्या वाकळेस मिळाली नाहीं.

श्रीमंती पांघरुणांची गोष्टहि निराळी. इ. स. १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यांत राहिलेला डच प्रवासी लिन्स्होटेन यानें खंबायतेकडील, रेशमानें टाचलेल्या रजयांची प्रशंसा केली आहे. पोर्तुगीज त्यांस कोल्चा म्हणत. बंगालांतील सातगांवकडच्या, टसर रेशमाच्या भरतकामाच्या कोल्चा पोर्तुगालांत जात, व त्यांतील कांहीं आज युरोपांतील संग्रहालयांत आहेत. विकावयाची वस्तु व्यापाऱ्याच्या वहींत चढते. घरांत वापरावयाची वस्तु कोणाच्याच वहींत चढत नाहीं. वाकळेचा हिशेब म्हणून वाकळेंतच शोधला पाहिजे.

तो हिशेब कसा मांडला जातो हें समजण्यासाठीं शिवणारीच्या रोजच्या कामाकडे पाहावें. कोकणांत हें काम उन्हाळ्याचें. वेंगुर्ल्याकडे पाऊस शंभर इंचांहून अधिक पडतो. जून ते सप्टेंबर कापड सुकत नाहीं, व ओलसर थर शिवले तर आंत बुरशी धरते. म्हणून आगोटीपूर्वीं, मिरच्या, सांडगे, सोलें यांच्या जोडीनें वाकळांचीहि बेगमी होते. दुपारचीं कामें आटोपलीं कीं ओटीवर अथवा पडवींत सारवलेल्या जमिनीवर एक धड लुगडें पसरतात. त्यावर विरलेलीं धोतरें, पंचे, सदऱ्यांचे व परकरांचे तुकडे सुरकुती न पडूं देतां मांडतात, व वर दुसरें लुगडें घालतात. कोपऱ्यांवर जड भांडीं ठेवून प्रथम मोठे कच्चे टाके घालतात, म्हणजे थर सरकत नाहींत. नंतर कडेनें धावदोरा सुरू होतो, व चौकोनांत चौकोन करीत तो मध्यावर येऊन थांबतो. दोघीतिघी समोरासमोर बसल्या तर काम लवकर उरकतें. एकटीची वाकळ मात्र घरकामांतून उरलेल्या वेळाच्या तुकड्यांनींच पुरी होते.

हें काम दिसतें तितकें यांत्रिक नाहीं. नवें कापड पोटांत घालीत नाहींत, कारण तें धुतल्यावर आटतें व भोंवतालच्या टाक्यांस ओढ देतें. शिवणीची जाड कड, बटनपट्टी, काज हें सारें आधीं कापून टाकावें लागतें, नाहींतर सुई अडते व निजणारास रुततें. रंग जाणारें लुगडें पांढऱ्या धोतराशेजारीं ठेवीत नाहींत. टाके जवळजवळ घातले तर वाकळ टिकाऊ पण ताठ होते. दूर घातले तर मऊ व उबदार होते, परंतु लवकर उसवते. म्हणून रोजच्या अंथरुणाची शिवण निराळी व बाळाच्या दुपट्याची निराळी. दुपट्यासाठीं तर सर्वांत अधिक धुतलेलें, झिजून मऊ झालेलें कापड मुद्दाम राखून ठेवलेलें असतें. असे निर्णय कोणी लिहून ठेवीत नाहीं; ते टाक्यांच्या अंतरांत व तुकड्यांच्या निवडींत पाहावयास मिळतात.

आतां संग्राहकाच्या दृष्टीनें वाचनाचे कांहीं नियम सांगतां येतील. पहिला नियम कालनिर्णयाचा. वाकळ तिच्यांतील सर्वांत नव्या तुकड्यापूर्वींची असूं शकत नाहीं. मात्र जो तुकडा निराळ्या दोऱ्यानें, वरून ठिगळासारखा बसविला असेल तो मागाहूनचा समजून बाजूस ठेवावा. दुसरा नियम रंग व सूत यांचा. कृत्रिम रंगांचा प्रारंभ इ. स. १८५६ मध्यें पर्किनच्या जांभळ्या रंगानें झाला. मंजिष्ठाच्या लाल रंगाचें कृत्रिम रूप १८६९ च्या सुमारास, व कृत्रिम नीळ १८९७ मध्यें बाजारांत आली. मुंबईची पहिली कापडगिरणी दावर यांनीं १८५४ मध्यें स्थापिली. हातसूत कीं गिरणीचें सूत, वनस्पतिज रंग कीं रासायनिक, एवढें जाणकाराकडून ठरवून घेतलें तरी वाकळेची पूर्वमर्यादा हातीं येते. पोटांत नायलॉन अथवा टेरिलीन निघालें तर ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे सरकते.

तिसरा नियम कापडाच्या गांवाचा. वेंगुर्लें बंदर सावंतवाडीकरांनीं इ. स. १८१२ मध्यें इंग्रजांस दिलें, व एकोणिसाव्या शतकांत तें आंबोलीच्या वाटेनें बेळगांवचें बंदर झालें. शहापूर व इरकल येथील लुगडीं, गुळेदगुड्डचे खण हा घाटावरचा माल. मांजरपाट व छापील चीट हा समुद्रावरून आलेला माल. पुढें रत्नागिरी जिल्ह्यांतील असंख्य लोक मुंबईच्या गिरण्यांत कामास गेले (वेंगुर्लें १९८१ मध्यें सिंधुदुर्ग जिल्हा होईपर्यंत त्याच जिल्ह्यांत होतें), आणि चाकरमान्यांच्या ट्रंकेंतून गिरणीचें कापड गांवीं येऊं लागलें. एका वाकळेंत इरकली काठ व गिरणीचें धोतर शेजारीं आलें, तर त्या घराचे घाट व समुद्र या दोन्ही दिशांचे संबंध तेथें सूचित होतात.

येथें सावधगिरीहि हवी. कापडाचा प्रवास म्हणजे माणसाचा प्रवास नव्हे. शिवाय घरांतील सर्वच जुनें कापड वाकळेंत येत नाहीं. जरीचें लुगडें बोहारणीकडे जाऊन त्याचीं भांडीं होत. म्हणून वाकळेंत जरी नाहीं, एवढ्यावरून घर गरीब होतें असा निष्कर्ष काढणें चुकीचें. उलट, दांड घातलेल्या लुगड्याचा तुकडा आढळला तर तो अधिक बोलका समजावा. मधला जीर्ण भाग कापून दोन्ही टोंकें जोडलेलें तें लुगडें पुन्हा कांहीं वर्षें नेसलें गेलें व त्यानंतरच वाकळेंत आलें. एका कापडाचीं तीन आयुष्यें त्या एका शिवणीवरून मोजतां येतात.

राहिला कर्त्याचा प्रश्न. हस्तलिखिताच्या शेवटीं लेखकाचें नांव, शक व तिथि आपण प्रथम शोधतों. बंगालांत अशी पुष्पिका कंथेसहि मिळाली आहे. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनीं जमविलेल्या संग्रहांत मानदासुंदरी नांवाच्या स्त्रीनें आपल्या पित्यासाठीं शिवलेली कंथा आहे, व तिच्यावर हा मजकूर दोऱ्यानेंच काढलेला आहे. स्टेला क्रामरिश यांनीं १९३९ मध्यें कंथेवर स्वतंत्र निबंध लिहिला, त्यामुळें त्या कलेस विद्वानांत मान मिळाला. उत्तर कानडा जिल्ह्यांतील सिद्दी लोकांच्या कवंदींत अक्षरें नसतात, परंतु चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचीं त्रिकोणी फुलें असतात; त्यांवांचून कवंदी पुरी झाली असें त्या स्त्रिया मानीत नाहींत. या समाजाचे पुष्कळसे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळांत आफ्रिकेंतून गोव्याच्या वाटेनें गुलाम म्हणून आणलेले होते. ज्यांचा लेखी इतिहास दुसऱ्यांनींच लिहिला, त्यांची स्वतःची खूण कापडाच्या कोपऱ्यांत राहिली आहे. आपल्या वाकळेवर साधारणतः ना अक्षर ना फूल. तिची पुष्पिका शिवणारीच्या तोंडीं असते : हा काठ सासूबाईंच्या लुगड्याचा, हें धोतर मामंजींचें, हा परकर थोरलीच्या लहानपणचा. ती बोलणारी गेली कीं पुष्पिका गेली, व मागें अनामिक कापड उरतें.

कापड तरी उरतें कोठें? वाकळ जीर्ण झाली कीं तिच्यावरच नवें लुगडें घालून ती पुन्हा शिवतात; जुनी वाकळ नव्या वाकळेचें पोट बनते. मृताचें अंथरूण अनेक घरीं ठेवीत नाहींत. जें उरतें त्यास कसर, वाळवी व कोकणची दमट हवा पुरी पडते. शिवाय तयार ब्लँकेटें व चादरी स्वस्त झाल्यापासून घरांत वाकळ शिवण्याची गरजच उणी झाली आहे.

तेव्हां संशोधकांनीं करावें काय? वाकळा उसवून थर मोजूं नयेत. कड जेथें आपोआप उसवली असेल तेथून, अथवा उजेडासमोर धरून पाहावें. लांबी, रुंदी, थर, टाक्यांची रीत व दोरा यांची नोंद घ्यावी. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. परंतु त्यापूर्वीं शिवणारी हयात असेल तर तिच्यापुढें बसावें, व वाकळ कोणीं शिवली, कोणासाठीं, कोणत्या वर्षीं, कोणता तुकडा कोणाच्या अंगावरचा, बाहेरून आलेलें कापड कोणतें, दुरुस्ती केव्हां झाली, हें तिच्याच शब्दांत उतरून घ्यावें. घरची मंडळी वाकळ देण्यास तयार नसतील तर ती मागूं नये. नोंद पुरेशी आहे. पोथीचा शोध करीत जो संग्राहक वेंगुर्ल्याकडील एखाद्या घराच्या माळ्यावर चढतो, त्याच्या हातास पोथीच्या आधीं बहुधा वाकळच लागते. ती बाजूस सारण्यापूर्वीं त्यानें खालीं ओटीवर नेऊन घरांतील वडील बाईस दाखवावी व ती काय सांगते तें टिपून ठेवावें. वखारीचीं पत्रें पुढच्या पिढींतहि वाचतां येतील. ही माहिती सांगणारें माणूस तोंवर असेलच असें नाहीं.