सल्ल्यापुरता नकार: रेनो, 2016

29 एप्रिल 2016 रोजी पॅरिसमध्ये, पोर्त मायोजवळच्या पाले द काँग्रे या सभागृहात, रेनो या मोटारकंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. त्या दिवसाचे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. पहिला मतमोजणीचा तक्ता. अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी कार्लोस घोन यांच्या 2015 च्या मोबदल्याबद्दल अनुकूल मत द्यावे, असा एक ठराव सभेपुढे होता. त्याच्या विरोधात 54.12 टक्के मते पडली. दुसरा कागद संचालक मंडळाच्या निवेदनाचा. सभा संपल्यावर मंडळ लगेच बसले, मतदानाची नोंद घेतली आणि त्या वर्षाचा मोबदला ठरला होता तसाच कायम ठेवला.

कंपनीच्या मालकांपैकी मतदान करणाऱ्या बहुसंख्यांनी नको म्हटले आणि त्यांच्याच नेमणुकीवर बसलेल्या मंडळाने काही तासांत तो नकार बाजूला ठेवला. हे कसे घडू शकले आणि त्यातून फ्रान्सचा कायदा कसा बदलला, याची साखळी कागदोपत्री जोडता येते. या प्रकरणाची प्रचलित मांडणी ‘सरकार विरुद्ध घोन’ अशी आहे. मला ती अपुरी वाटते.

आधी आकडे. घोन यांना रेनोकडून 2015 साठी मिळालेला मोबदला सुमारे 72.5 लाख युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने 54 कोटी रुपयांच्या आसपास. त्यात ठरावीक वेतन 12.3 लाख युरो. कामगिरीनुसार बदलणारा भाग त्याच्या 145 टक्के, म्हणजे साधारण 17.8 लाख. उरलेला मोठा हिस्सा शेअरच्या रूपातला होता. अटी पूर्ण झाल्या तरच ते शेअर हाती यायचे, आणि कागदावरची त्यांची किंमत हा हिशेबाने काढलेला अंदाज होता. घोन यांच्या बाजूने हे नोंदवलेच पाहिजे, कारण 72 लाख युरो रोख खिशात पडले असा समज तेव्हाच्या चर्चेत सर्रास दिसतो.

पण भागधारकांना खटकलेली गोष्टही याच तपशिलात आहे. 2013 साठी हाच मोबदला 26.7 लाख युरो होता, 2014 साठी तो 72.2 लाखांवर गेला. ठरावीक वेतन जागचे हलले नव्हते. उडी मुख्यतः शेअरच्या हिश्श्यामुळे आली. शिवाय रेनोच्या फ्रेंच अहवालातून अर्धेच चित्र दिसत होते. घोन निस्सान या जपानी मोटारकंपनीचेही प्रमुख होते आणि तिकडचे वेगळे वेतन घेत होते. जपानमध्ये 2010 पासून दहा कोटी येन किंवा त्याहून जास्त वेतन घेणाऱ्या संचालकाचा आकडा नावानिशी जाहीर करावा लागतो. त्यामुळे मार्च 2015 अखेरच्या वर्षासाठी निस्सानने त्यांना 103.5 कोटी येन दिल्याचे तिथल्या कागदांत आहे. दोन देशांतले दोन अहवाल एकत्र वाचल्याशिवाय या माणसाची कमाई कळत नव्हती. रेनोच्या मंडळाचे म्हणणे असे की निस्सानचे वेतन निस्सानच्या कामाचे. भागधारकांचा प्रश्न साधा होता: एक माणूस दोन ठिकाणी पूर्णवेळ प्रमुख कसा?

आणखी एक कागद या हिशेबाशेजारी ठेवायला हवा. मार्च 2013 मध्ये रेनोने कामगार संघटनांशी करार केला होता. त्यात 2016 पर्यंत फ्रान्समधल्या साडेसात हजार नोकऱ्या कमी करायच्या आणि 2013 मध्ये पगारवाढ गोठवायची असे ठरले होते. बदल्यात फ्रान्समधले कारखाने बंद न करण्याची हमी होती. कंपनी त्यानंतर खरोखर सावरली. 2015 ची विक्री 45.3 अब्ज युरोंवर पोचली. मंडळाने वेतन कायम ठेवताना याच निकालांचा आधार घेतला. निकाल चांगले होते यात वाद नाही. पण पगारगोठवणीचा करार आणि प्रमुखाच्या मोबदल्याची वाढ एकाच काळातली असताना, केवळ निकालांकडे बोट दाखवून मंडळाला सुटता आले, हे मला आजही खटकते. (नाशिककरांना रेनो आठवते ती तिथे महिंद्राबरोबर बनलेल्या लोगनमुळे; हा सगळा हिशेब त्याच कंपनीचा.)

मग मंडळाला नकार डावलता आला कसा? उत्तर एका संहितेत आहे, आणि ती संहिता कायदा नव्हे. आफेप आणि मेडेफ या फ्रान्समधल्या बड्या कंपन्यांच्या आणि मालकवर्गाच्या संघटना. त्या मिळून कंपनीकारभाराची एक संहिता चालवतात. जून 2013 च्या आवृत्तीत त्यांनी प्रथमच वरिष्ठांच्या मोबदल्यावर भागधारकांचे मत घेण्याची तरतूद केली आणि 2014 च्या सभांपासून ती अमलात आली. मत फक्त सल्ल्याचे होते. ते विरोधात गेले तर काय करायचे, याचे कलम असे सांगत होते की मंडळाने मोबदला समितीचा सल्ला घेऊन पुढच्या बैठकीत विषयावर विचार करावा आणि भागधारकांच्या अपेक्षांचे काय करणार ते संकेतस्थळावर तत्काळ जाहीर करावे. रेनोच्या मंडळाने ‘पुढची बैठक’ त्याच दुपारी घेतली आणि निवेदनही लगेच काढले. संहितेचे अक्षर पाळले गेले. भागधारक नाराज का आहेत हे विचारायला काही तास पुरणार नव्हते, आणि त्या निवेदनात तसे विचारल्याची खूणही नाही.

अंदाज मात्र आधीच यायला हवा होता. 2015 च्या सभेत याच विषयावर सुमारे 58 टक्के मते बाजूने होती. असे ठराव एरवी नव्वदीच्या घरात मंजूर होतात. तिथे 58 हा आकडा इशाराच होता. भागधारकांना मतदानाचा सल्ला देणाऱ्या प्रॉक्सिनव्हेस्ट या पॅरिसच्या संस्थेने 2016 मध्ये विरोधात मत देण्याची जाहीर शिफारस केली होती. मोठ्या कंपनीत सभागृहात येऊन बसणारे बहुतेक छोटे, वैयक्तिक भागधारक असतात. मतांचा खरा ढीग पेन्शन फंड आणि गुंतवणूक संस्थांचा असतो आणि तो सभेआधीच कळवला गेलेला असतो. मुंबईच्या दोन डिपॉझिटरींकडून ई-मतदानाची मेल येणाऱ्या आपल्याकडच्या डीमॅट खातेदाराला ही व्यवस्था नवी वाटणार नाही. भाषणे सुरू होतात तेव्हा निकाल बहुधा ठरलेला असतो.

आता सरकारचा भाग. फ्रेंच सरकार हा तेव्हा रेनोचा सर्वांत मोठा भागधारक, आणि 2016 मध्ये त्याने घोन यांच्या मोबदल्याविरोधात मत दिले. त्यामागे वर्षभरापूर्वीचे भांडण होते. 29 मार्च 2014 च्या, फ्लोराँज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने अशी सोय केली की नोंदणीकृत शेअर दोन वर्षे सांभाळणाऱ्याला एप्रिल 2016 पासून आपोआप दुप्पट मत मिळेल. भागधारकांच्या दोन तृतीयांश बहुमताने कंपनी हा नियम नाकारू शकते. रेनोच्या मंडळाला तो नाकारायचा होता. तसा ठराव पडावा म्हणून सरकारने एप्रिल 2015 मध्ये सुमारे 1 कोटी 40 लाख शेअर विकत घेतले आणि आपला वाटा 15 वरून 19.74 टक्क्यांवर नेला. 30 एप्रिल 2015 च्या सभेत ठरावाला 60.53 टक्के मते मिळाली. बहुमत होते, दोन तृतीयांश नव्हते; ठराव पडला. निस्सानकडे रेनोचे 15 टक्के शेअर होते पण मत शून्य, कारण ज्या कंपनीवर आपले नियंत्रण आहे तिने आपल्याच सभेत मत देऊ नये असा फ्रेंच कायदा आहे. जपानमध्ये साहजिकच चिंता पसरली. डिसेंबर 2015 मध्ये तडजोड झाली आणि नेहमीच्या ठरावांवर सरकारच्या मतांना उपस्थितीनुसार 17.9 ते 20 टक्क्यांची मर्यादा घातली गेली.

हा संदर्भ पाहिला की 2016 चा नकार म्हणजे तत्कालीन अर्थमंत्री इमॅन्युएल माक्राँ यांनी घोन यांच्यावर काढलेला राग, असे म्हणण्याचा मोह होतो. अनेकांनी तसे म्हटलेही. पण बेरीज आड येते. विरोधातली मते निम्म्याहून जास्त होती आणि एकट्या सरकारच्या मतांनी तिथवर पोचता येत नव्हते. उरलेली मते ज्यांची होती त्यांना फ्रेंच औद्योगिक धोरणात रस नव्हता, घोन यांच्याशी वैरही नव्हते. वेगवेगळ्या देशांतले व्यवस्थापक वेगवेगळ्या कारणांनी एकाच रकान्यात आले. माझ्या मते या सभेचे महत्त्व इथे आहे. सरकारचा वाटा वजनदार होता, पण निर्णायक ठरले ते कोणत्याही गटात नसलेल्यांचे मत.

पुढचे महिने घाईचे गेले. मेमध्ये माक्राँ यांनी आणि राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांनी, उद्योगांनी स्वतःहून सुधारणा केली नाही तर कायदा करू, असा इशारा दिला. जूनमध्ये नॅशनल असेंब्लीने भ्रष्टाचारविरोधी विधेयकात भागधारकांचे मत बंधनकारक करणारी दुरुस्ती घातली. 5 जुलैला आल्स्तोमच्या सभेतही माजी प्रमुख पात्रिक क्रोन यांच्या मोबदल्याविरोधात सुमारे 62 टक्के मते पडली, त्यामुळे रेनो हा अपवाद होता असे म्हणायची सोय उरली नाही. जुलैअखेर रेनोच्या मंडळाने घोन यांच्या बदलत्या वेतनाची कमाल मर्यादा ठरावीक वेतनाच्या 150 टक्क्यांवरून 120 टक्क्यांवर आणली. एप्रिलमध्ये जे एका दुपारी अशक्य होते, ते तीन महिन्यांत अंशतः शक्य झाले.

नोव्हेंबर 2016 मध्ये आफेप-मेडेफ संहितेचे ते कलमही बदलले. आता मंडळाने वाजवी मुदतीत भेटायचे, विरोधी मतामागची कारणे आणि भागधारकांच्या अपेक्षा तपासायच्या, आणि सरलेल्या वर्षाच्या मोबदल्यात किंवा पुढच्या धोरणात काय बदल करायचे यावर निर्णय घ्यायचा. एका कंपनीच्या एका दुपारचा माग संहितेच्या मजकुरात इतका स्पष्ट क्वचितच उमटतो. ‘पुढची बैठक’ जाऊन ‘वाजवी मुदत’ आली, यामागे रेनोच आहे असे मी मानतो.

त्या भ्रष्टाचारविरोधी विधेयकातून झालेला साप्याँ-2 या नावाचा कायदा 9 डिसेंबर 2016 चा. त्यातल्या तरतुदीने दोन मते बंधनकारक झाली. पहिले आगाऊ: प्रमुखांचा मोबदला कोणत्या तत्त्वांवर ठरेल याला सभेची मंजुरी हवी, 2017 पासून. दुसरे वर्ष सरल्यावर: प्रत्यक्ष दिलेल्या किंवा देऊ केलेल्या मोबदल्यावर, 2018 पासून. हे दुसरे मत विरोधात गेले तर बदलते आणि अपवादात्मक वेतन देता येत नाही. वर्तमानपत्रांनी याचा गाजावाजा भरपूर केला, पण कलम नीट वाचले तर त्याची धार मर्यादित आहे. 2015 च्या घोन यांच्या तक्त्याला तेच कलम लावून पाहा. 12.3 लाखांचे ठरावीक वेतन सुरक्षित राहिले असते. 17.8 लाखांचे बदलते वेतन अडकले असते. आणि ज्या शेअरच्या हिश्श्याने हा आकडा 26 वरून 72 लाखांवर नेला होता, त्याचा या शिक्षेच्या शब्दांत उल्लेखच नाही. भागधारकांना सर्वांत जास्त टोचलेली रक्कम कायद्याच्या चिमट्यातून निसटली असती. आगाऊ मताने ती रोखता येते, एवढीच वाट उरते. त्यासाठी आदल्या वर्षीच जागे असावे लागते.

2016 च्या मतदानानंतर विरोध आपोआप वाढत गेला असेही नाही. 15 जून 2017 रोजी घोन यांचा 2016 चा मोबदला 53 टक्क्यांच्या आसपास मतांनी मंजूर झाला. 2018 मध्ये, पुढच्या वेतनात 30 टक्के कपात मान्य केल्यावर, हा आकडा 56 च्या पुढे गेला. दोन्ही बहुमते कशीबशी गाठलेली होती, पण बहुमतेच होती. आधी नाराज असलेल्यांपैकी काहींना मर्यादा कमी झाल्याने समाधान वाटले असणार.

19 नोव्हेंबर 2018 रोजी घोन यांना टोकियोत अटक झाली. त्यांच्यावर ठेवलेला पहिला आरोप वेतनाचे आकडे अहवालात कमी दाखवल्याचा होता. त्यांनी तो सतत नाकारला आहे. जानेवारी 2019 मध्ये त्यांनी रेनोचा राजीनामा दिला. एप्रिलमध्ये मंडळाने भागधारकांना शिफारस केली की घोन यांचे 2018 चे 2 लाख 24 हजार युरोंचे बदलते वेतन नामंजूर करावे, आणि 12 जून 2019 च्या सभेने ते नामंजूर केले. कायदा अखेर चालला, असे म्हणून हे उदाहरण दिले जाते. मला ते पटत नाही. त्या दिवशी मंडळ आणि भागधारक एकाच बाजूला होते, आणि ज्याच्याविरुद्ध मत पडले तो माणूस कंपनीत उरला नव्हता. पदावर असलेल्या प्रमुखाचे वेतन मंडळाच्या इच्छेविरुद्ध अडवण्याची पाळी त्या कलमावर रेनोत तोवर आली नव्हती.