ठसका पाण्याचा आणि घासाचा

घास गिळताना तीसहून अधिक स्नायू कामाला लागतात आणि मेंदूच्या देठातून निघणाऱ्या पाच जोड नसा त्यांना चालवतात. घशातला टप्पा जेमतेम एका सेकंदाचा. तेवढ्यात श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेचे दार मिटते. आनुवंशिक मज्जाविकारांत ही साखळी वेगवेगळ्या जागी तुटते. पथ्य ठरवायचे ते त्या जागेवरून. आजाराचे नाव त्यानंतर.

स्पायनोसेरेबेलर किंवा फ्रेडराइख अटॅक्सियात ताळमेळ चुकतो, दार मिटण्याआधीच पाणी घशात पोचते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीत ताकदच अपुरी पडते आणि घासाचा काही भाग घशात मागे राहतो. हंटिंग्टनमध्ये जीभ आवरत नाही, रोगी घाईघाईने घास कोंबतो. तिथे पातळ-घट्टपेक्षा शेजारी बसून सावकाश भरवणारे माणूस महत्त्वाचे. शार्को-मारी-टूथमध्ये बहुतेकांचा घसा शाबूत राहतो, पण आवाज बसू लागला तर तपासावे.

म्हणून घरच्यांना आधी विचारावे: ठसका पाण्याने लागतो की भाकरीचा घास अडकतो? पाण्याने लागत असेल तर पेय दाट केल्याने घशाला वेळ मिळतो. काहींना हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्यानेही फायदा होतो. ताकद कमी असलेल्याला तेच दाट पेय घशात साचून राहते. सर्रास ‘सगळे दाट करून द्या’ असे सांगणे मला म्हणूनच पटत नाही.

कळमेश्वर-काटोलच्या पट्ट्यात आजाऱ्यापुढे संत्र्याची फोड धरणे साहजिकच. पण ती चावली की रस तत्काळ मागे धावतो आणि चोथा तोंडातच राहतो. दोन्ही एकाच वेळी सांभाळणे अशा घशाला सर्वांत अवघड. पातळ वरणातला भात त्याच जातीचा. ज्वारीची आंबील त्यामानाने बरी, मात्र उष्टा चमचा वाटीत बुडत राहिला तर लाळेने तिचा स्टार्च फुटतो आणि जेवण संपेस्तोवर ती पातळ होते. आणि ठसका लागला की ‘पाणी पी, पाणी पी’ ही आपली जुनी खोड इथे घातकच; आधी खोकून घसा मोकळा होऊ द्यावा.

दाटपणा घरीही मोजता येतो. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीत 10 मिलीची सिरिंज लागते. तिच्यावरची 0 ते 10 ही पट्टी 61.5 मिमी लांब हवी. टोक बोटाने बंद करून पेय भरायचे आणि 10 सेकंद सोडायचे. पाणी सगळे निघून जाते. 1 ते 4 मिली उरले तर किंचित दाट, 4 ते 8 उरले तर त्याहून दाट.

ठसका लागेनासा झाला की घर निर्धास्त होते. पण घशाची संवेदना मंदावली तर अन्न श्वासनलिकेत उतरूनही खोकला येत नाही. जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येणे, वारंवार बारीक ताप, उतरते वजन, लांबत जाणारे जेवण ही त्याची चिन्हे. मग बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांखाली पाहावा लागतो किंवा नाकातून दुर्बीण घालून. बाहेरून घसा चाचपून हा दोष कळत नाही.