ओढा कोणाचा?

शुभवर्तमानांत मासेमारीचे प्रसंग अनेक आहेत, परंतु गळाचा उल्लेख एकदाच येतो. मंदिराचा कर भरावयाचा असतो. प्रभू येशू पेत्राला सरोवराकडे पाठवतो आणि गळाला लागलेल्या पहिल्या माशाचे तोंड उघडून पाहावयास सांगतो (मत्तय १७:२७). इतरत्र जाळी आहेत, होड्या आहेत, सोबती आहेत. येथे पेत्र एकटा आहे.

एकट्या माणसाच्या या गळाचा एक इतिहास अमेरिकेतील लहान ओढ्यांच्या काठी घडला. तो वाचताना आपल्याकडील वाचकाने आधी एक शब्द नीट समजून घ्यावा. वसईच्या माणसाला ‘क्रीक’ म्हटले की भरती-ओहोटीची खाडी आठवते. अमेरिकेच्या अंतर्भागात मात्र क्रीक म्हणजे गोड्या पाण्याचा ओढा, कोठे गुडघाभर, कोठे पुरुषभर खोल.

पिसे, केस आणि दोरा गळावर बांधून केलेल्या नकली माशीने मासा धरण्याची कला इंग्लंडमधून अमेरिकेत गेली. अशा माशीला वजन नसते, म्हणून वजन दोरीत ठेवतात आणि काठीच्या हेलकाव्याने दोरीच पुढे फेकतात. कलेबरोबर तिचा अभिमानही गेला. माशीच्या लायकीचा मासा एकच, थंड व वाहत्या पाण्यातला ट्राउट, असे मानले जाई. पाणी वीस अंश सेल्सिअसच्या फार वर गेले की ट्राउट कासावीस होतो. त्याहून कोमट ओढे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आणि त्यांच्या गांडुळांच्या गळासाठी सोडलेले असत.

त्या कोमट ओढ्यांचा राजा म्हणजे ब्लॅक बास. त्याच्या नावाची कथाच मजेदार आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद याच्याकडे आलेल्या नमुन्याच्या पाठीवरील पराचा शेवटचा भाग तुटून सुटा झाला होता. तो वेगळाच छोटा पर आहे असे समजून १८०२ मध्ये त्याने माशाला ‘मायक्रोप्टेरस’, म्हणजे लहान पराचा, असे नाव दिले. पुढचे नाव ‘दोलोम्यू’ हे त्याच्या नुकत्याच निवर्तलेल्या मित्राचे. हा दोलोम्यू भूशास्त्रज्ञ होता व माल्टाच्या संत योहानाच्या संघाचा सरदारही होता. डोलोमाइट खडक त्याच्याच नावाने ओळखला जातो. एका जखमी माशावरून साऱ्या कुळाचे नाव पडले आणि ते आजतागायत टिकले आहे.

लहान ओढ्याची थोरवी दाखवणारी घटना १८५४ च्या सुमारास घडली. पूर्वेकडे अटलांटिकला मिळणाऱ्या पोटोमॅक नदीत हा मासा मुळात नव्हता. व्हीलिंग गावच्या विल्यम श्रायव्हर यांनी तेथील ओढ्यातील काही बास आगगाडीच्या इंजिनामागील पाण्याच्या टाकीत ठेवून डोंगरापलीकडे कंबरलंडला आणले व तेथील कालव्यात सोडले. रेल्वे व्हीलिंगला पोहोचून जेमतेम वर्ष झाले होते. कालव्यातून मासे नदीत उतरले आणि काही वर्षांतच पोटोमॅक बासची नदी म्हणून गाजू लागली. मूळ ओढ्याचे नाव किती जणांना आठवते? (नव्या पाण्यात परका मासा सोडणे आज कोणी जाणता मनुष्य निर्धास्तपणे करणार नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.)

या माशाची खरी वकिली केली ती डॉ. जेम्स हेनशॉल यांनी. १८८१ मध्ये त्यांचा ब्लॅक बासवरील ग्रंथ सिनसिनाटीत प्रसिद्ध झाला. ट्राउटपुढे बासला कमी लेखणाऱ्यांशी त्यांनी त्यात उघड वाद घातला. गंमत अशी की पुढे याच हेनशॉलना मोंटानातील सरकारी मत्स्यबीज केंद्राचे प्रमुख नेमले गेले आणि थंड पाण्याचे मासे वाढवण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी टेनेसी राज्यातील चॅटानूगाच्या अर्नेस्ट पेकिनपॉ यांनी बुचाच्या तुकड्यात गळ बसवून तरंगणारी नकली माशी बनवली. ती पाण्यावर ‘डुब्’ असा आवाज करते आणि बास बेडकाच्या आशेने वर येतो. कोमट पाण्याला त्याची स्वतःची माशी मिळाली.

परंतु या इतिहासाचे एक पान काळे आहे. पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउन शहराच्या वर, सुमारे १४ मैलांवर, एका जुन्या मातीच्या धरणाचे तळे पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबने घेतले. फ्रिक, कार्नेगी, मेलन असे सभासद. तळ्यात ब्लॅक बास सोडण्यात आले आणि ते निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. तळातील पाणी सोडण्याचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. ते पुन्हा बसवले गेले नाहीत. धरणाचा माथाही रस्त्यासाठी खाली आणला होता. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात त्या जाळ्यांत केरकचरा अडकला, पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि धरण फुटले. २,२०९ माणसे मेली. क्लबवर कोणत्याही न्यायालयात जबाबदारी ठरली नाही; ही देवाची करणी म्हटली गेली. धर्मगुरू या नात्याने मला या शब्दप्रयोगाचा राग येतो. जाळ्या देवाने बसवल्या नव्हत्या. कार्नेगीने पुढे शहराला ग्रंथालय बांधून दिले. त्याच इमारतीत आज त्या पुराचे संग्रहालय आहे.

याच्या उलट टोकाला मिसूरी राज्यातील १९५४ चा खटला उभा आहे. एल्डर नावाच्या गृहस्थाने मेरामेक नदीतून होडी हाकली, पाण्यात उतरून मासेही धरले. नदीचा तळ आणि दोन्ही काठ डेलकोर नावाच्या जमीनदाराचे होते. हे अतिक्रमण आहे का? सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तळ खाजगी असला तरी होडी चालेल असे पाणी हा सार्वजनिक मार्ग आहे, आणि त्या मार्गाने जाणाऱ्याला मासे धरता येतील. सगळ्या राज्यांत कायदा असा उदार नाही, आणि होडी न चालणाऱ्या ओढ्यांचा प्रश्न तर निराळाच राहतो.

म्हणूनच अनोळखी ओढे शोधणारा मनुष्य काठीच्या आधी नकाशा उघडतो. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८८४ पासून देशाची पद्धतशीर मोजणी आरंभली. १:२४,००० प्रमाणाच्या त्याच्या नकाशांत लहानसहान ओढेही निळ्या रेषेने दाखवले आहेत. तुटक रेषा म्हणजे उन्हाळ्यात आटणारे पाणी. उंचीच्या रेषा दाट असतील तेथे ओढा उतरता व वेगवान. विरळ असतील तेथे संथ, कोमट, बासला मानवणारा. ‘मिल क्रीक’ असे नाव दिसले तर तेथे कधीकाळी पाणचक्की असावी आणि जुन्या बंधाऱ्याखाली डोह असण्याचा संभव. नावे इतिहास जपून ठेवतात. आपल्या वाड्यांची आणि बावखलांची नावे आठवली तर हे पटेल.

मग रस्ता जेथे ओढा ओलांडतो त्या पुलाजवळ गाडी थांबते. पाणी दिसते, खडकाच्या सावलीत एखादी शेपटीही हलते. काठाला मात्र तारेचे कुंपण असते. तेव्हा तो मनुष्य शेतातल्या घराकडे चालत जातो आणि ओढा ज्याच्या जमिनीतून वाहतो त्याच्या दारावर टकटक करतो.